दोन गाठींचं माप

गेल्या दिवाळीनंतर मी राजापूरच्या खाडीकाठी दाऊदभाई सोलकरांच्या घरी गेलो होतो. ते वारल्याला तीस वर्षं होऊन गेली. घरी त्यांचा मुलगा युसूफ होता. तोही सत्तरी ओलांडलेला. कुवेतला त्याच्या वडिलांबरोबर मी सहा वर्षं एका खोलीत राहिलो, हे कळल्यावर त्याने खुर्ची पुसून दिली, चहा आणि बिस्किटं मागवली. त्याची बायको कप घेऊन आत गेल्यावर त्याने आवाज खाली आणला.

"काका, तुम्ही तिथंच होतात. एक विचारू? अब्बांनी खरंच त्या अरबाला फसवलं होतं?"

"कोण म्हणतं असं?"

"गाव म्हणतं. कुवेतहून जे जे परत आले ते सांगत आले. दाऊदला पैशाचा मोह झाला, बिघडलेलं माप चौपट किमतीला विकलान आणि एका माणसाचा हात गेला. अब्बा स्वतः कधी बोलले नाहीत. एकदा मी विचारलं तर जाळं विणत होते ते विणत राहिले."

मी म्हणालो, "तुझे वडील कुणाला फसवणारे नव्हते."

"तोंडावर सगळे तसंच म्हणतात," युसूफ म्हणाला.

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तेच बोलायला मी रत्नागिरीपासून गाडी करून आलो होतो. मी उरलेलं बिस्कीट खाल्लं, त्याच्या नातवाच्या परीक्षेची चौकशी केली आणि निघालो. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला एक वाक्य बोलता आलं नाही. म्हणून आता लिहितो आहे. लिहून झालं की पहिली प्रत युसूफला जाईल.

दाऊदभाईंचं दुकान कुवेतमधल्या फहाहीलच्या बाजारात होतं, मासळीच्या ओट्यांच्या मागच्या गल्लीत. एका दाराचं, पाटी नसलेलं. मालाच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेली मांडणी आणि तिच्यावर पितळेच्या, लोखंडाच्या लहान लहान वस्तू. नवखा माणूस आत आला तर त्याला वाटावं, हे सोनाराचं दुकान आहे की लोहाराचं. ही सगळी काडतुसं पुन्हा भरण्याची अवजारं होती. बंदुकीचा बार उडाला की काडतुसाची रिकामी पुंगळी उरते. नवं काडतूस महाग, शिवाय हवं तेव्हा मिळेल असं नाही. म्हणून शिकारी लोक पुंगळ्या जपून ठेवायचे आणि घरी भरायचे. बुडातली ठिणगीची जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, मापाने दारू घालायची, वर पुठ्ठ्याची चकती, मग छर्रे, मग तोंड वळवून बंद करायचं. या प्रत्येक कामाला वेगळं अवजार लागतं. तेल कंपनीतले इंग्रज साहेब आपापली पेटी मायदेशाहून घेऊन यायचे आणि बदली झाली की विकून जायचे. ती पेटी दाऊदभाई विकत घ्यायचे आणि थंडीत पक्षी उतरू लागले की ज्यांना शिकारीचा नाद त्यांना विकायचे. बंदूक ते विकत नसत, दारू विकत नसत, छर्रेही नाही. "माझा धंदा भांड्यांचा," ते म्हणत. "जेवन तुमचं तुम्ही शिजवा."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. एका कंत्राटदाराच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून आलो होतो आणि खोली शोधत होतो. कुणीतरी सांगितलं, त्या गल्लीत एक कोकणी आहे, त्याच्या दुकानामागे जागा आहे. मी गेलो तेव्हा दाऊदभाई पाट टाकून बसले होते. काळे, किडकिडीत, पन्नाशीच्या आतबाहेरचे. डोक्यावर जाळीची टोपी आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"नाव?"

"एकनाथ."

"गाव?"

मी सांगितलं.

"मासे खातोस?"

"खातो."

"कांदा कापताना रडतोस?"

"कधीकधी."

"मग जमेल. न रडनारा मानूस मना घरात नको." एवढ्या मुलाखतीवर मला सहा वर्षांची जागा मिळाली. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा नाथा झालो.

त्यांचं घराणं दालद्यांचं, पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारं. बाप वादळात गेला तेव्हा हे पंधरा वर्षांचे होते. मग अरबांच्या लाकडी गलबतावर खलाशी झाले, बसऱ्यापर्यंत खजूर आणायला जाऊ लागले आणि एका फेरीत कुवेतला उतरले ते उतरलेच. पण बोटांतलं जाळं सुटलं नव्हतं. रिकामे असले की जाळ्याचा दोरा घेऊन गाठी मारत बसायचे आणि उलगडायचे. समोरच्या माणसाशी बोलताना हातांकडे बघायचेसुद्धा नाहीत.

त्यांच्या दुकानाच्या दोन गोष्टी फहाहीलपासून मंगफपर्यंत सगळ्यांना ठाऊक होत्या. एक म्हणजे खडू. प्रत्येक वस्तूवर खडूने दोन आकडे लिहिलेले असत. डावीकडचा म्हणजे त्यांनी ती कितीला घेतली तो, उजवीकडचा म्हणजे कितीला देणार तो. कुवेतमध्ये तेव्हा रुपयेच चालत; रुपयामागे दोन आणे नफा. पुढे रुपये जाऊन दिनार आले तरी प्रमाण तेच राहिलं. घासाघीस नाही. शेजारचा घड्याळवाला कपाळाला हात लावायचा.

"दाऊदभाई, घेतलेली किंमत कोणी गिऱ्हाइकाला दाखवतं का? धंदा करता का नमाज पढता?"

"दोन्ही उघड्यावरच करतो," दाऊदभाई म्हणायचे.

दुसरी गोष्ट गाठीची. काडतूस भरण्याच्या सामानात सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे दारूचं माप. बोटाएवढी पितळेची वाटी, तिला लांब दांडी. दारू दोन जातींची असते. जुनी काळी दारू मंद असते, तिचं माप मोठं. नवी बिनधुराची दारू जहाल, ती थोडीशीच लागते. काळ्या दारूच्या मापाने नवी दारू भरली तर बंदूक पक्ष्याऐवजी धरणाऱ्यालाच खाते. म्हणून दाऊदभाई न तपासलेलं माप कधी मांडणीवर ठेवत नसत. तपासून झालं की मापाच्या मानेला जाळ्याच्या दोऱ्याची गाठ मारत. काळ्या दारूला एक, बिनधुराच्या दारूला दोन. गाठ नसलेलं माप विकायचं नाही, कुणी पाया पडला तरी.

तपासण्याचा क्रमही ठरलेला होता. आधी माप चिंचेच्या कोळाने घासून लख्ख करायचं. मग घरून बायकोने पाठवलेली नाचणी त्यात दहा वेळा भरायची आणि दहाही वेळा सोनाराच्या तराजूत तोलायची. दाणा बारीक, गोल, दारूसारखा सरकतो. दहाही वजनं सारखी आली तर माप खरं. मग गाठ. "आधी आंघोळ, मग दाखवायचा कार्यक्रम, मग गाठ," ते म्हणायचे. "लग्नात पन हाच क्रम." या तराजूमुळे अरब गिऱ्हाइकं त्यांना अबू मिझान म्हणत, तराजूचा बाप. नाचणी एकदा तोलून झाली की तिचीच भाकरी व्हायची. मी म्हणायचो, "दाऊदभाई, भाकरीला पितळेचा वास येतोय." ते म्हणायचे, "येऊदे. पोटात गेल्यावर तुझं वजन पन खरं होईल."

एका उन्हाळ्यात एक मडम आली. नवरा कंपनीत मोठा साहेब होता, तो हृदय बंद पडून गेला होता आणि ती सामान आवरून मायदेशी निघाली होती. गाडीतून तिने त्याची पेटी उतरवून आणली. आत टेबलाला लावायचं भरण्याचं यंत्र, दोन मापं, तराजू, तोंड वळवायचं अवजार, सगळं मखमलीत. ती म्हणाली, वीस रुपये द्या आणि हे माझ्या नजरेसमोरून न्या. मी दुभाष्या होतो. मी मनात म्हटलं, आज दाऊदभाईंची ईद झाली. दाऊदभाईंनी एकेक वस्तू काढून उजेडात धरली, सावकाश, जणू ती बाई समोर उभीच नाही. मग मला म्हणाले, "सांग तिला, ह्याचे एकशेदहा होतात."

मी मराठीत म्हटलं, "अहो, ती वीस म्हणतेय."

"ती बिचारी दुःखाची किंमत सांगते हाय. मी पेटीची सांगतो हाय."

मडम रडली. पैसे घेतले आणि जाताना त्यांचा हात हातात घेतला. दाऊदभाई इतके घाबरले की ती गेल्यावर दार लावून बसले. ती पेटी मग तीन हंगाम पडून राहिली, कारण डावीकडचा आकडाच मोठा होता. घड्याळवाला रोज विचारायचा, "पेटी गेली का?" आणि दाऊदभाई रोज सांगायचे, "तिना घाई नाय."

मी हसायचो तेव्हा. मला खरोखर वाटायचं की या माणसाला धंदा कळत नाही. मला इंग्रजी येत होतं, हिशेब येत होता, मी मॅट्रिक होतो. दाऊदभाईंना इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं. मापाच्या बुडाशी कारखानदार बारीक अक्षरात कोरून ठेवतो की हे कुठल्या दारूचं. ती अक्षरं दाऊदभाईंनी एका पुठ्ठ्यावर चित्रासारखी उतरवून घेतली होती, काळ्या दारूची वर, दुसरी खाली. माप घासून झालं की ते पुठ्ठा शेजारी धरून एकेक अक्षर जुळवायचे, ओठ हलवत, लहान मूल कित्ता गिरवतं तसे. मी एका नजरेत वाचू शकत होतो ते वाचायला त्यांना पाच मिनिटं लागायची. मी वाचून दाखवायला गेलो की म्हणायचे, "तू सांगितलंस, ठीक. आता मना बघूदे."

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक अबू फालेह होता. कंपनीच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. तरुणपणी मोत्यांसाठी पाणबुड्या, त्यानंतर गलबतावर खलाशी. मुंबई, रत्नागिरी, कालिकत सगळं पाहिलेला. हिंदी बोलायचा ती बंदरावरची. त्याचा जीव ससाण्यावर. डाव्या हातावर चामड्याचं हातवेष्टण आणि त्यावर तो पक्षी, डोळ्यांवर टोपी घातलेला. दुकानात आला की पक्ष्यासकट यायचा. दाऊदभाई पक्ष्यालाच पहिला सलाम करायचे.

"दाऊद, मेरे को नहीं, इस को सलाम?"

"वो रोज कमाता है. तू महिने में एक बार."

अबू फालेह इतका मोठ्याने हसायचा की ससाणा पंख उघडायचा. दोघं मग जुन्या गलबताच्या गोष्टी करत, कुठला नाखुदा, म्हणजे गलबताचा कप्तान, कसा होता, कुठल्या बंदरात पाणी गोड होतं. दाऊदभाई माझ्यासमोर कधी बोलले नाहीत इतकं मोकळं ते त्याच्यासमोर बोलत.

दिनार आले त्याच्या दुसऱ्या थंडीत दाऊदभाईंना ताप आला. हिवतापासारखा, हुडहुडी भरून येणारा. आठ दिवस ते मागच्या खोलीत गोधडी घेऊन पडून होते. त्या आठवड्यात मी गोदामातून रजा घेतली आणि दुकान बघितलं. मला आवडलं ते. पाटावर बसून मीही दोऱ्याला गाठी मारायचो. त्यांची गाठ मला येऊ लागली होती, निदान दिसायला तशीच.

पाचव्या दिवशी सकाळी अबू फालेह आला. ससाणा हातावर. घाईत होता. भावांबरोबर दुसऱ्या दिवशी वाळवंटात निघणार, आठ दिवसांसाठी. एका साहेबाने त्याला नव्या दारूचा डबा दिला होता आणि त्याचं जुनं माप काळ्या दारूचं होतं.

"दो गाँठ वाला दे," तो म्हणाला.

मांडणीवर दोन गाठींचं एकही माप नव्हतं. हंगामात सगळी गेली होती. पण खालच्या टोपलीत एक होतं, ताप येण्याच्या आदल्या दिवशी एका साहेबाच्या सामानात चारशे फिल्सला आलेलं. काळवंडलेलं, बुडाला हिरवा थर. न घासलेलं, न तपासलेलं.

मी त्याला म्हटलं, एक तास थांबा. तो समोर चहा प्यायला गेला. मी नाचणी काढली, माप दहा वेळा भरलं, दहा वेळा तोललं. वजनं अगदी सारखी आली. मला फार आनंद झाला. चिंच मागच्या खोलीत होती, दाऊदभाईंच्या उशाशी. तिथं गेलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, कशाला हवी, आणि मग उठून बसले असते, पुठ्ठा मागितला असता. आकाराने ते माप मला लहान वाटलं, नव्या दारूचंच असणार असं मी ठरवलं. एवढ्या वर्षांत मी इतकी मापं पाहिली होती. मी दोरा घेतला आणि दोन गाठी मारल्या.

तिथंच थांबलो असतो तर त्याला चूक म्हणता आलं असतं. अबू फालेह परत आला, त्याने गाठी पाहिल्या आणि विचारलं, "कितना?" मापावर खडूचा आकडा नव्हता. हजार फिल्सचा एक दिनार; चारशेचं माप, साडेचारशेला जायला हवं होतं. मी त्याच्या घाईकडे पाहिलं आणि म्हणालो, "दोन दिनार."

त्याने एक शब्द विचारला नाही. त्या दुकानात कुणी विचारत नसे. दोन नोटा पाटावर ठेवल्या आणि गेला. ते पैसे मी गल्ल्यात टाकले, माझ्या खिशात नाही, हे मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. दाऊदभाई बरे झाले की त्यांना दाखवणार होतो, की बघा, धंदा असा करतात. पण दोन दिवसांनी ते उठून बसले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला ते सांगायचा धीर झाला नाही. नोटा मी मोडून सुट्ट्या करून ठेवल्या.

अबू फालेह माप घेऊन गेला त्याच्या सहाव्या दिवशी बातमी आली. बंदुकीची नळी हातात फुटली होती. अबू फालेहच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली होती. ज्या हातावर तो पक्षी बसायचा तो हात.

दाऊदभाई दवाखान्यात गेले, परत आले आणि पाटावर बसून राहिले. संध्याकाळी अबू फालेहचा भाऊ ते माप घेऊन आला, त्यांच्यासमोर ठेवलं आणि उद्या दुपारी घरी ये म्हणून सांगून गेला. दाऊदभाईंनी माप उचललं. आधी गाठी पाहिल्या. अंगठ्याच्या नखाने एक गाठ थोडी सैल केली, उलटी करून पाहिली. मग माप पालथं केलं. बुडाचा हिरवा थर जसाच्या तसा होता. त्यांनी उठून चिंच आणली, माप घासलं, पुठ्ठा शेजारी धरला आणि ओठ हलवत एकेक अक्षर जुळवलं. मी पाठीमागे उभा होतो. मला तिथून वाचता येत होतं. वरच्या ओळीतली अक्षरं होती. काळ्या दारूची.

न वळता त्यांनी विचारलं, "नाथा, चिंच लावली होतीस?"

मी म्हणालो, "लावली होती."

घासलेलं माप त्यांच्या हातात होतं, हिरवं पाणी अजून बोटांवरून गळत होतं. हात धुऊन त्यांनी भाकरी केली. मला वाढली, स्वतः घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं गेलो. मला त्यांनी ये म्हटलं नव्हतं, येऊ नकोही म्हटलं नव्हतं. अबू फालेहच्या घरच्या बैठकीत गालिच्यावर भिंतीला टेकून दहाबारा माणसं बसली होती. घड्याळवालाही आला होता आणि आणखी दोघं कोकणी. अबू फालेह कोपऱ्यात होता, हाताला मोठं पांढरं बांधलेलं. ससाणा कुठे दिसत नव्हता. भावाने माप मध्ये ठेवलं.

"ये गाँठ किस की?"

दाऊदभाईंनी मापाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मेरी."

"दाऊद," अबू फालेह म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "तू बुखार में था. लडका बैठा था दुकान पे."

मला वाटलं, आता. आता ते माझ्याकडे बोट दाखवतील आणि मग मीही बोलेन, अगदी सगळं. मी त्या बोटाची वाट पाहत होतो.

"गाँठ मैं ने बाँधी थी," दाऊदभाई म्हणाले. "बुखार में बाँधी. लडके ने सिर्फ उठा के दी."

भाऊ पुढे वाकला. "और दो दिनार? तेरी दुकान में इस का दो दिनार?"

ही गोष्ट दाऊदभाईंना ठाऊक नव्हती. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांच्या हातात दोऱ्याचा तुकडा होता, नेहमीसारखा, आणि बोटं चालू होती. ती थांबली. मग त्यांनी दोरा खिशात घातला.

"दाम भी मेरा," ते म्हणाले.

घड्याळवाल्याने तोंड फिरवलं. दोघा कोकण्यांपैकी एकजण "तोबा" म्हणाला. मी गालिच्यावरची वेलबुट्टी बघत होतो. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, पोलिसांत गेलं तर मला परत पाठवतील, घरी काय तोंड दाखवू, ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी फक्त भीती होती आणि भीतीच्या खाली, सांगायलाही लाज वाटते, सुटल्याचा आनंद होता.

दाऊदभाईंनी पैशाची गोष्ट काढली. दुकानातलं सगळं विकून जे येईल ते घ्या म्हणाले. अबू फालेहने ती ऐकूनच घेतली नाही. तो एवढंच म्हणाला, "पैसा नहीं. बस, अब किसी को कुछ मत बेच."

त्या आठवड्यात त्यांनी मांडणी मोकळी केली. आधी प्रत्येक मापाच्या गाठी सोडल्या. कापल्या नाहीत, सोडल्या. दिवसभर बसून. मी म्हटलं, "राहू द्या ना, घेणाऱ्याला कळेल तपासलेलं आहे." ते म्हणाले, "आता ह्या गाठीला कोन विचारनार?" मग खडूचे उजवीकडचे आकडे ओल्या फडक्याने पुसले आणि सगळं सामान डावीकडच्या आकड्याला दिलं. मडमची पेटी एकशेदहा रुपयांचे जेवढे दिनार होतात तेवढ्यालाच गेली. ती नेणाऱ्याने मखमल चाचपून आणि तराजू दोनदा डोलवून पाहिला, संशयाने. दाऊदभाईंच्या दुकानात कुणी तसं केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे दीड वर्ष ते शुवैख बंदरातल्या एका गोदामात मालावर चिठ्ठ्या चिकटवायचं काम करत होते. आम्ही त्याच खोलीत राहत होतो. ते माझ्याशी वाईट वागले नाहीत. भाकरी होत होती, मासे होत होते, गावची पत्रं मला वाचायला देत होते. पण थट्टा बंद झाली. मी कांदा कापायला बसलो की ते बाहेर जायचे. कितीतरी वेळा मी तोंड उघडलं. एकदा तर म्हणालोही, "दाऊदभाई, त्या दिवशी मी..." त्यांनी हात वर केला. "जेव. गार होते हाय." मला वाटलं, त्यांना ऐकायचं नाही. आता वाटतं, मी खोलीत नाही, त्या बैठकीत बोलायला हवं होतं, माणसांसमोर. खोलीत दोघांत बोलून त्यांना काय मिळणार होतं? ज्यांच्यासमोर त्यांचं नाव गेलं ते तिथं नव्हते.

अबू फालेहने ससाणा विकला. मला एकदा तो बाजारात भेटला. उजव्या हाताने माझा हात दाबला आणि म्हणाला, "तेरा चाचा अच्छा आदमी था." था म्हणाला. मी मान हलवली.

दाऊदभाई निघाले तेव्हा मी त्यांना शुवैखच्या धक्क्यावर सोडायला गेलो. मुंबईची बोट लागली होती. वारा सुटला होता आणि हवेत इतकी धूळ होती की बोटीचं टोक दिसत नव्हतं. त्यांचं सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, सुंभाच्या दोरीने आवळलेली. कस्टमवाल्याने ती उघडायला लावली. आत कपडे, बायकोसाठी कापड, मुलासाठी फाउंटन पेन आणि एका फडक्यात गुंडाळलेला तराजू. कस्टमवाल्याने झाकण आपटलं आणि पुढे गेला.

दाऊदभाईंनी दोरीचं टोक हातात घेतलं आणि ते माझ्यापुढे धरलं.

"बांध. तुना येते."

मी गुडघ्यावर बसलो. दोरी दोनदा फिरवून मी गाठ मारली, त्यावर दुसरी मारली. मान वर करून म्हणालो, "दाऊदभाई, मी युसूफला पत्र लिहीन. सगळं लिहीन."

"लिही," ते म्हणाले. "त्याला वाचता येते."

त्यांनी ट्रंक डोक्यावर घेतली. जिना चढताना मागे वळून पाहिलं नाही. वरच्या डेकवर गर्दी होती, पण ती जाळीची टोपी मला दिसत राहिली. कठड्याशी जागा मिळाल्यावर त्यांनी ट्रंक खाली ठेवली, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या दोन्ही गाठी सोडल्या. चष्मा पुसून, सावकाश, दोरी पुन्हा आवळून त्यांनी स्वतःची गाठ मारली. ओढून पाहिली. मग धूळ दाट झाली.